डब्याच्या बुडाचा आकडा

तारीख सहा, मंगळवार, दुपार

चिरंजीव बयो,

आशीर्वाद. इकडे आम्ही तिघं धडधाकट आहोत, तूही असशील. एवढं लिहिलं म्हणजे पत्राचा उंबरा ओलांडला. आता बोलते.

रविवारी तू बंदराच्या फाटकावरच्या फोनवरून तीन मिनिटं बोललीस. त्यातलं निम्मं तुझ्या मागची बाई "आटपा, आटपा" म्हणण्यात गेलं. शिवाय फोनवर तू "कशी आहे" विचारतेस, मी "बरी आहे" म्हणते, आणि फोन संपतो. म्हणून पत्र. माझं अक्षर म्हणजे कोंबडी ओल्या पायांनी चालून गेल्यासारखं, पण तुला त्याची सवय आहे. तीन इयत्ता शिकलेल्या बाईकडून मोत्याचे दाणे मागू नयेत.

गोटी मजेत आहे. पोर सात महिन्यांची, रुबाब सत्तरीतल्या सासूचा. बाप कामावरून आला की त्याच्याकडे असं बघते, जणू उशीर का झाला याचा जाब विचारतेय. तो बिचारा दिवसभर बस चालवून येतो आणि हिच्यापुढे घोडा होऊन रांगतो. मी म्हटलं, "जावईबापू, गुडघे जपा, पुढे गाडीचे ब्रेक दाबायचेत." ते हसतात. तुझा नवरा कशालाही हसतो, हा त्याचा एकच दोष.

हल्ली मला एक सुख झालंय. दोरीवर लंगोट कमी असतात. आधी दिवसाला अठरा-वीस वाळत घालायचे, खांदे भरून यायचे. आता दहा-बारात भागतं. पोर शहाणी व्हायला लागली असेल.

आता तू विचारलंस त्याबद्दल. हो, भोंग्याची गाडी आमच्याही गल्लीत फिरली. "परदेशातून आलेल्या दुधाच्या भुकटीत भेसळ आढळली आहे, डब्यावर गाईचं चित्र, डब्याच्या बुडावरचा नंबर तपासा, वॉर्ड ऑफिसात आणून दाखवा, वर्षाच्या आतल्या मुलांना पाजली असल्यास त्वरित कळवा." दिवसातून चार फेऱ्या. भोंगेवाल्याचा आवाज असा, की ऐकूनच दूध नासावं. तुमच्या खात्याने आता बंदरावर बोटी अडवल्या, पोत्यात नळ्या खुपसायला तुम्हाला बसवलं, सुट्ट्या बंद केल्या. चांगलंच केलं. पण घोडं आधीच आमच्या गोठ्यात येऊन चरून गेलं, त्याचं काय?

तर मी कालच जाऊन आले. सकाळी गोटीला कडेवर घेतलं, रांगेत उभी राहिले. रांग जिन्यावरून खाली रस्त्यावर. सगळ्यांच्या हातात डबे. खिडकीत एक चष्मेवाली मुलगी बसली होती, तुझ्याच वयाची, पण तुझ्यापेक्षा शांत. नंबर विचारायचा, यादीवर बोट फिरवायचं, चिठ्ठी द्यायची. लाल चिठ्ठी मिळाली तर मुलाला घेऊन सरकारी दवाखान्यात, पांढरी मिळाली तर घरी. आपली पांढरी. झालं. विषय संपला.

नंबर काय होता ते कळव म्हणालीस. आता एवढा लांबलचक परदेशी नंबर, त्यात आकडे, अक्षरं आणि तिरप्या रेघा, मी काय तोंडपाठ करून बसते? चिठ्ठी आहे ना. चिठ्ठी सरकारी आहे.

शेजारची शिंपीण तुला विचारत होती. तिच्या नातवालाही तेच दूध, त्यांचीही पांढरी चिठ्ठी. ती सध्या शाळेचे गणवेश शिवतेय. घरभर निळ्या कापडाचे कपटे. गोटीने काल एक कपटा खाल्ला. काढला मी.

आणि ते बंदरावरच्या पाळणाघराचं पुन्हा काढू नकोस. "आई, इथे पाळण्याशेजारी नर्स असते," म्हणे. असू दे. मी तुला वाढवलं तेव्हा शेजारी कोण होतं? तू काय तीन हातांची झालीस? मी जिवंत असताना माझी नात परक्या बाईच्या घड्याळावर दूध पिणार नाही. हे मी जाताना तुला सांगितलं आणि तू ऐकलंस, तेव्हा आता ऐकलेलं फिरवू नकोस.

पायात मोजे घालत जा.

तुझी खमकी आई


तारीख दहा, शनिवार

बयो,

आशीर्वाद. तुझं पत्र काल आलं. म्हणजे माझं तुला मिळायच्या आधीच तू लिहिलेलं. आपल्या दोघींचं पहिल्यापासून असंच, दोघी एकदमच बोलतो.

कोपऱ्यावरच्या दुकानदाराचं दूध-बिस्किटांचं कपाट सीलबंद झालं. दोन अधिकारी आले, दारांवर कागद चिकटवला, लाख लावली, शिक्का मारला. दुकानदार आधी ओरडला, "माझ्याकडे पावत्या आहेत, मी काय गाय पाळलीय का परदेशात?" मग ते गेल्यावर काउंटरवर डोकं टेकून बसला. मी मीठ घ्यायला गेले होते. म्हणाला, "आजी, तुम्हाला मीच दिला होता ना डबा? मागच्या महिन्यात?" मी म्हटलं, "तू दिलास, मी घेतला. दोघांनाही वाचता आलं नाही." तर म्हणाला, "मला येतं वाचता." मग मी मीठ घेऊन आले.

हवा फार कोंदट आहे. दोन दिवस माझं कशात चित्त लागत नाही. भाजी निवडायला घेते आणि पानं टाकून देठ ठेवते.

गोटी जरा किरकिरी झालीय. दात येत असतील. हिरड्या बघितल्या, सुजल्यासारख्या वाटतात. म्हणजे मला वाटतात. लंगोट बदलायच्या आधी रडते, ओला झाल्यावर गप्प होते. मुलं उलटी असतात, झाल्यावर रडायचं तर व्हायच्या आधी रडतात. तूही अशीच उलटी होतीस.

काल दोरीवर सहाच होते. मी मुद्दाम मोजले नाहीत. चिमटे उरले म्हणून कळलं.

तू खोदून खोदून विचारतेस म्हणून सांगते. तू जाताना ठेवलेले डबे संपले, ते आपल्याकडचे होते, त्यांचा प्रश्न नाही. त्यानंतर जावईबापूंनी गाईच्या चित्राचा एक आणला, मग मी कोपऱ्यावरून एक आणला. पहिला कधी संपला आणि दुसरा कधी फोडला, हे विचारशील तर मला सांगता येणार नाही. कारण मी डब्यातून देतच नव्हते. मी आपल्या डब्यात ओतलं होतं. आपला पितळी कडीचा, घट्ट झाकणाचा. त्या परदेशी डब्यांची झाकणं म्हणजे टोपी, वाऱ्याने उडेल अशी. मुंग्या सरळ आत. तुला माहीत आहे मी कशी आहे. दुकानातलं पुड्यात, पुड्यातलं डब्यात, डब्यातलं बरणीत. या घरात बाहेरून आलेली वस्तू बाहेरच्या कपड्यांत राहत नाही. पहिल्याचं तळाला थोडं होतं, त्यावर दुसरं ओतलं. चमच्याने हलवलंही. एकजीव झालं.

भोंगा वाजला त्या दिवसापासून त्यातलं चमचाभरही दिलेलं नाही. सरकारने वाटलेलं देते. डबा वरच्या फळीवर ठेवलाय, झाकण लावून. टाकला नाही.

म्हणशील, मग रिकामे डबे कुठे आहेत? आहेत. सगळं आहे. आल्यावर बघ.

जावईबापूंना यातलं काही बोलू नकोस. त्यांची सध्या पहाटेची पाळी आहे, उगाच रस्त्यावरचं लक्ष उडायचं.

तुझ्या पत्रातली एक ओळ मी दोनदा वाचली. "आई, शंका असली तरी जाऊन सांग, कोणी रागावत नाही." तू तिकडे अनोळखी बायकांनाही हेच सांगत असशील. छान सांगतेस.

आई


तारीख पंधरा, गुरुवार, दवाखान्यातून

बयो,

आधी मुद्द्याचं. गोटी दवाखान्यात आहे. जिवाला धोका नाही. हे मी म्हणत नाही, डॉक्टरीणबाई म्हणतात. एका बाजूच्या मूत्रपिंडात त्या भेसळीने झालेले दोन बारीक खडे आहेत, वाळूच्या कणाएवढे. पाणी आणि औषधाने निघून जातील, दर महिन्याला तपासायचं, चिरफाड नाही. आता ती झोपलीय. हाताला नळी आहे, तिचा तिला राग आहे, म्हणजे तब्येत ठीक आहे. श्वास घेतलास? आता पुढचं वाच.

हे सगळं जावईबापूंनी काल फाटकावर निरोप ठेवून तुला कळवलंच आहे. काय झालं ते त्यांनी सांगितलं. कसं झालं ते नाही सांगितलं. मी विचारलं तर म्हणाले, "ते तुम्हीच कळवा." तेव्हा हे कळवणं आहे.

सोमवारी, पाच तारखेला, मी त्या रांगेत डबा न घेता उभी होते. म्हणजे डबा पिशवीत होता, पण दाखवण्यासारखा नव्हता. आदल्या आठवड्यातच मी दोन्ही डबे घासले होते. शिंपिणीला बटणं ठेवायला हवे होते. चिकट कागद सोडवला, गाय सोडवली, मग म्हटलं बूड तरी का राहू द्यावं, तारेच्या घासणीने बूड घासलं. शाईचा काळा ठिपका-ठिपका होता, तो गेला. इतकं लख्ख झालं की तोंड दिसावं. मला बरं वाटलं होतं तेव्हा.

तू जाताना मला काय सांगितलं होतंस? "आई, बुडाचा नंबर जप." मला वाटलं, डबा जप म्हणतेस. डबा जपला.

रांगेत माझ्यापुढे शिंपीण होती. तिच्या डब्यावरचा नंबर तिने मापं लिहायच्या कागदावर खडूने उतरवला होता. मी म्हटलं, "बघू गं, किती लांब असतो तो." तिने दिला. मी कागद हातात धरूनच ठेवला. तिला पांढरी चिठ्ठी मिळाली ते मी बघितलं. मग माझा नंबर आला. चष्मेवाली म्हणाली, "आजी, डबा?" मी म्हटलं, "घरी राहिला, नंबर आणलाय." आणि कागद पुढे केला. तिने परदेशी आकडे वाचले, यादीवर बोट फिरवलं आणि पांढरी चिठ्ठी दिली. "काळजी करू नका," म्हणाली. मी तिला म्हटलं, "काळजी कोण करतंय?"

का केलं, हे विचारशील. तर सांगते. माझ्या मागे चाळीस बायका होत्या. त्यांच्यापुढे मला सांगावं लागलं असतं की मी आकडा घासला, कारण मला तो आकडा आहे हेच कळलं नाही. आणि दुसरं. ते कळलं असतं तर तू गोटीला पाळणाघरात नेलं असतंस. पहिलं कारण मोठं की दुसरं, हे मी नऊ दिवस तोलतेय. तराजू एका जागी राहत नाही.

मंगळवारी दोरीवर तीन लंगोट होते. काल सकाळी एक. तो हातात घेतला तर कोरड्यासारखाच, आणि मधे गुलाबी डाग. मग मी पोरीला उचललं आणि वॉर्ड ऑफिसात गेले. रांगेत थांबले नाही. बायका ओरडल्या, मी म्हटलं, "ओरडा, मी ऐकतेय."

चष्मेवालीला सगळं सांगितलं. मोठ्याने सांगितलं, म्हणजे पुन्हा सांगायला नको. मला वाटलं ती पोलीस बोलावेल. तिने वही उघडली आणि विचारलं, "म्हणजे तुम्हाला नंबर माहीत नाही?"

मी म्हटलं, "नाही."

"मग पहिल्या दिवशीच तसं का नाही म्हणालात, आजी? ज्याचा नंबर माहीत नाही, तो डबा वाईटच धरायचा, असा नियम आहे. भिंतीवर लिहिलंय." तिने बोट दाखवलं. माझ्या डोक्याच्या बरोबर वर लिहिलं होतं. आपल्याच अक्षरात, मोठं, मलाही वाचता येईल असं. पाच तारखेला मी त्याच्याखालीच उभी होते.

म्हणजे बघ. खरं बोलले असते तर त्याच मिनिटाला लाल चिठ्ठी मिळाली असती. "मला माहीत नाही" एवढंच म्हणायचं होतं. सरकारने तेवढ्यासाठी नियम करून ठेवला होता, माझ्यासारख्यांसाठीच. मी आयुष्यभर सरकारला नावं ठेवली, आणि एकदा त्याने माझी आधी सोय करून ठेवली, तर मी खोटं बोलून ती चुकवली. डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, नऊ दिवसांनी काय फरक पडला? त्या म्हणाल्या, "कदाचित एकच खडा असता. कदाचित दोनच असते. सांगता येत नाही." चांगली बाई आहे. खोटा दिलासा देत नाही.

जावईबापू डेपोतून आले. त्यांना मी जिन्यातच सांगितलं. ते पाणी प्यायले, पेला विसळून पालथा ठेवला आणि आत जाऊन गोटीच्या पायाला हात लावून बसले. हसले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या.

शिंपीण मात्र भेटायला आली आणि दारातच कडाडली, "मावशी, एकीचं माप घेऊन दुसरीचा कपडा बेततात का? पंचवीस वर्षं शिवतेय, असं कुणी केलं नाही." मग तिने बटणांचे दोन्ही डबे माझ्यापुढे ठेवले, रिकामे करून. "घ्या. मला नकोत." तिच्या नातवाचीही तपासणी केली, तिनेच हट्ट धरला. त्याला काही नाही.

आता शेवटचं, ज्यासाठी हे पत्र आजच टपालात पडायला हवं.

काल संध्याकाळी खात्याची माणसं घरी येऊन उरलेली भुकटी घेऊन गेली. एक दुसऱ्या पिशवीत काढायला लागला तर दुसरा म्हणाला, नको, डब्यासकट न्या, भुकटी हलवायची नाही. आपला पितळी कडीचा डबा नेला. कापडात बांधला, लाख लावली. सोमवारी पेटी निघणार. कुठे जाणार विचारलं तर म्हणाले, बंदरावरच्या प्रयोगशाळेत.

म्हणजे तुझ्याकडे. जावईबापू म्हणाले, तुझ्या जागी दुसरी बाई येईपर्यंत, बुधवारपर्यंत, तुला सोडणार नाहीत. पेटी मंगळवारी पोचेल. तू कापड सोडशील आणि सवयीने आधी डबा उलटा करशील, बूड बघायला. तेव्हा कळण्यापेक्षा आधी माझ्याकडून कळावं.

त्या माणसांबरोबर चष्मेवालीही आली होती, तिने फॉर्म भरताना विचारलं, "या डब्यावर काही नंबर?" मी म्हटलं, "आहे, पण तुमच्या यादीत सापडायचा नाही." तिने डबा उलटा करून बघितला आणि रकान्यात रेघ मारली. बुडावर एक ते नऊ आकडे. तू सहा वर्षांची असताना दाराच्या खिळ्याने कोरलेस, चार उलटा. त्यासाठी मी तुला चोपलं होतं, आणि मग रोज दुपारी डबा मांडीवर उलटा घेऊन तुझ्याकडूनच ते आकडे शिकले. शाळेत तीन वर्षांत आले नव्हते. आजही मी चार उलटाच काढते, म्हणून तारीख नेहमी शब्दातच लिहिते.

त्या डब्याच्या बाजू मी पंचवीस वर्षं रोज घासल्या. बूड एकदाही घासलं नाही.

पाळणाघरात ती जागा अजून असेल तर विचारून ठेव. बुधवारी येशील तेव्हा गोटीचे कपडे बांधलेले असतील, लंगोट वेगळ्या पिशवीत. सकाळपासून चार ओले झालेत. मी मोजले. या वेळी मुद्दाम मोजले.

तपासणीत जे निघेल ते मला जसंच्या तसं लिही. मऊ करून लिहू नकोस. न कळलेलं कळलं म्हणायची सवय मी सोडलीय, तू लावू नकोस.

विचारलं तर सांगेन, नाही विचारलंस तरी सांगेन,
तुझी आई